क्वामे एन्क्रूमा : घानाचं स्वातंत्र्य, १९५८चा एक कायदा आणि १९६६चं लष्करी बंड

पाणवठा

२४ फेब्रुवारी १९६६ च्या पहाटे राजधानी आक्रामध्ये सैन्याने रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं, तेव्हा घानाचे राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रूमा हनोईच्या वाटेवर होते. व्हिएतनामच्या युद्धात काही तडजोड निघते का, हे पाहायला ते निघाले होते. आपलं सरकार गेलं हे त्यांना पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग), चिनी यजमानांकडून कळलं. ते पुन्हा कधीच जिवंतपणी घानात परतले नाहीत.

या बंडाचा विषय निघाला की बहुतेक जण सीआयएपासून सुरुवात करतात. सीआयएबद्दल बोलायलाच हवं, पण माझ्या मते या बंडाची सुरुवात जुलै १९५८ मध्ये झाली, स्वातंत्र्याला दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा. ते का म्हणतो, हे सांगण्यासाठी हा धागा.

आधी माणूस काय तोलाचा होता ते पाहू. जन्म १९०९, न्क्रोफुल नावाच्या खेड्यात. १९३५ मध्ये अमेरिकेत शिकायला गेले, पडेल ती कामं करत दहा वर्षं राहिले. १९४५ मध्ये मँचेस्टरला पाचवी पॅन-आफ्रिकन काँग्रेस भरली, तिच्या आयोजकांत जॉर्ज पॅडमोर यांच्यासोबत एन्क्रूमा होते. १९४७ च्या डिसेंबरात त्यांना मायदेशी बोलावून घेतलं ते युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शनने. गोल्ड कोस्ट म्हणजे ब्रिटिश काळातला घाना, आणि हा तिथल्या वकील आणि व्यापारी मंडळींचा पक्ष. त्यातलं सर्वांत मोठं नाव डॉ. जे. बी. डांक्वा. सरचिटणीस म्हणून एन्क्रूमांचं नाव सुचवलं अको अजेई यांनी. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

२८ फेब्रुवारी १९४८ ला माजी सैनिकांचा मोर्चा गव्हर्नरला अर्ज द्यायला ख्रिश्चनबोर्ग किल्ल्याकडे निघाला. गोल्ड कोस्टचे हे जवान दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर लढून आले होते. (पश्चिम आफ्रिकी डिव्हिजन भारतामार्गेच अराकानात गेल्या होत्या. आपल्याकडे याची आठवण फारशी कुणी काढत नाही.) कबूल केलेल्या नोकऱ्या नाहीत, पेन्शनची रड आणि महागाई. पोलिसांनी मोर्चा अडवला आणि गोळीबारात सार्जंट अजेती, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओदार्ते लाम्प्ती हे तिघे ठार झाले. शहर पेटलं. सरकारने पक्षाच्या सहा नेत्यांना उचललं. 'बिग सिक्स' म्हणून हे सहा जण आजही घानाच्या नोटांवर आहेत. एन्क्रूमा, डांक्वा, अको अजेई, ओबेत्सेबी लाम्प्ती, अकुफो-आदो आणि विल्यम ओफोरी अट्टा.

वर्षभरात एन्क्रूमांचं या मंडळींशी फाटलं. पक्षाची मागणी होती 'शक्य तितक्या लवकर स्वराज्य', एन्क्रूमांची होती 'स्वराज्य आत्ताच'. जून १९४९ मध्ये त्यांनी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी काढली. निशाणी लाल कोंबडा. पाठीशी बाजारात बसणाऱ्या बायका, शाळा अर्धवट सुटलेली पोरं, लॉरी ड्रायव्हर, रेल्वे कामगार. ज्यांना रात्री दुसऱ्याच्या व्हरांड्यात झोपावं लागे त्यांना साहेबलोक 'व्हरांडा बॉइज' म्हणून हिणवत. पक्षाने ते नाव अभिमानाने मिरवलं. जानेवारी १९५० मध्ये 'पॉझिटिव्ह ॲक्शन' सुरू झाली. संप, बहिष्कार, असहकार. गांधींचा प्रभाव एन्क्रूमांनी स्वतः कधी लपवला नाही. शिक्षा झाली, जेम्स फोर्टच्या तुरुंगात रवानगी.

१९५१ ची निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली. आक्रा सेंट्रलमध्ये २३,१२२ पैकी २२,७८० मतं! पक्षाला ३८ निर्वाचित जागांपैकी ३४. गव्हर्नर सर चार्ल्स आर्डन-क्लार्क यांनी त्यांना सोडलं आणि सरकार बनवायला बोलावलं. पुढची सहा वर्षं या दोघांनी मिळून सत्तांतर घडवलं. ६ मार्च १९५७ ला सहाराच्या दक्षिणेकडची पहिली काळी वसाहत स्वतंत्र झाली. जुन्या पोलो मैदानावर त्या मध्यरात्री एन्क्रूमा म्हणाले की सगळी आफ्रिका मुक्त होत नाही तोवर घानाच्या स्वातंत्र्याला अर्थ नाही. श्रोत्यांत मार्टिन ल्यूथर किंग होते, अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सनही होते.

आता १९५८. जुलैमध्ये प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन ॲक्ट आला. राज्याच्या सुरक्षेला धोका वाटला की सरकारने कुणालाही खटला न चालवता पाच वर्षांपर्यंत डांबून ठेवायचं. कोर्टात दाद मागायची सोय नाही. सुरुवातीला पकडले गेले ते अशांती नावाच्या प्रदेशातले विरोधक. त्यांच्यातल्या बफूर ओसेई अकोटो यांची बाजू कोर्टात कोणी मांडली? डांक्वांनी. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली आणि त्याच वर्षी डांक्वा स्वतः त्याच कायद्याखाली आत गेले.

१९६१ हे वर्ष वाईटच होतं. जुलैच्या अर्थसंकल्पात पगारातून सक्तीची बचत आली आणि सप्टेंबरात सेकोंडी-ताकोराडीचे रेल्वे आणि बंदर कामगार संपावर गेले. ज्यांच्या जिवावर १९५० चा लढा उभा राहिला, तेच हे कामगार. त्यांच्या पुढाऱ्यांनाही हाच कायदा लावला. १ ऑगस्ट १९६२ ला कुलुंगुगु गावात एन्क्रूमांवर बॉम्ब टाकला गेला. ते जखमी झाले, इतर काही दगावले. आरोप कुणावर, तर त्यांच्याच मंत्र्यांवर. त्यात अको अजेई! डिसेंबर १९६३ मध्ये सरन्यायाधीश सर आर्कू कोर्सा यांच्या खंडपीठाने पुराव्याअभावी तिघांना निर्दोष सोडलं. एन्क्रूमांनी कोर्सांना काढून टाकलं आणि निकालच रद्द केला. फेरखटल्यात त्याच तिघांना फाशी सुनावली गेली, ती नंतर जन्मठेपेसारख्या लांब शिक्षेत बदलली. जानेवारी १९६४ मध्ये देश एकपक्षीय करण्यासाठी सार्वमत झालं. सरकारी आकडा होता ९९.९१ टक्के 'होय'.

४ फेब्रुवारी १९६५ ला डांक्वा न्सावाम तुरुंगात वारले. ओबेत्सेबी लाम्प्ती त्याआधीच, १९६३ मध्ये, कैदेत असताना गेले होते. नोटेवरच्या सहांपैकी दोघे त्याच सहांतल्या एन्क्रूमांच्या कैदेत मेले.

माझं म्हणणं एवढंच आहे. संसदेतून बदलता येत नाही, कोर्टातून दाद नाही, संप केला तर तुरुंग, पक्षांतर्गत विरोध केला तर फाशीचा दोर. १९६४ नंतर एन्क्रूमांना हटवायचा एकच रस्ता देशात उरला होता, आणि तो बराकीतून जात होता. बाकीचे सगळे रस्ते त्यांनी स्वतः, कायदे करून, एकेक बंद केले. ज्याने आफ्रिकेला मतपेटीची ताकद दाखवली त्यानेच हे करावं याचं मला खरोखर दुःख होतं, आणि म्हणूनच हा माणूस मला सोडवत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

---

माळरान

वाचतोय. डांक्वांबद्दल काहीच माहीत नव्हतं.

---

निळासमुद्र

चांगलं मांडलंय, पण बाहेरचे हात तुम्ही एका वाक्यात उडवलेत, ते पटलं नाही.

अमेरिकेची जी कागदपत्रं आता खुली झाली आहेत त्यात जॉन्सन यांच्या सुरक्षा सल्लागारांपैकी रॉबर्ट कोमर यांची टिपणं आहेत. मे १९६५ च्या टिपणात घानात कट शिजतोय याची त्यांना पूर्ण कल्पना दिसते. बंड झाल्यावर मार्च १९६६ मध्ये ते राष्ट्राध्यक्षांना लिहितात की हे आपल्या पथ्यावर पडलं. म्हणजे वॉशिंग्टनला आधीच माहीत होतं आणि एन्क्रूमांना कुणी सावध केलं नाही.

दुसरं, कोको. घानाची परकीय चलनाची मिळकत मुख्यतः या एका पिकावर. १९६५ मध्ये जगाच्या बाजारात कोकोचा भाव कोसळला, टनाला १०० पौंडांच्याही खाली गेला, आणि त्याच हंगामात घानात पीक पाच लाख टनांहून जास्त आलं. जितकं पिकवाल तितका भाव पडणार. स्वातंत्र्याच्या वेळी घानाकडे सुमारे २० कोटी पौंडांची गंगाजळी होती, ती दहा वर्षांत आटली. दुकानात साखर, दूध, औषधं मिळेनाशी झाली. पाश्चात्त्य देशांनी नव्या कर्जाला नकार दिला. तो हात आखडला नसता तर अशा वेळी बंड करायला लष्कर धजावलं असतं का?

---

पाणवठा

निळासमुद्र, कोमर यांच्या टिपणांबद्दल वाद नाही. अमेरिकेला हवं तेच झालं आणि त्यांना आधी माहीत होतं, हे कागदावर आहे. पण कट रचणारे कोण होते ते पाहा. कर्नल इमॅन्युएल कोटोका, मेजर अक्वासी आफ्रिफा आणि पोलीस प्रमुख हार्ले. कोटोका आणि आफ्रिफा दोघे काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत होते. काँगोचे पहिले पंतप्रधान लुमुंबा एन्क्रूमांचे मित्र, आणि सप्टेंबर १९६० मध्ये राजधानी लिओपोल्डव्हिलच्या रेडिओ केंद्रात लुमुंबांना शिरू न देणारे सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाने उभे असलेले घानाचेच होते. राजकारणाने आपली कशी फरफट होते, हे या अधिकाऱ्यांनी तिथे पाहिलं.

मग १९६५ मध्ये जनरल ओटू आणि जनरल आंक्रा यांना एन्क्रूमांनी घरी पाठवलं. स्वतःच्या रक्षणासाठी 'प्रेसिडेंट्स ओन गार्ड रेजिमेंट' उभी केली. तिला नवी शस्त्रं, नवे गणवेश, सोव्हिएत प्रशिक्षण, आणि नेहमीच्या फौजेच्या जवानाला फाटके बूट. नोव्हेंबर १९६५ मध्ये ऱ्होडेशियाच्या गोऱ्यांनी एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा आपल्याला तिकडे लढायला धाडणार, ही धास्तीही होती. असंतोष घरचा होता. बाहेरच्यांनी त्याला वाट करून दिली असेल, पण तो पेरला नव्हता.

बंडाच्या दिवशी एन्क्रूमांच्या निवासस्थानी, फ्लॅगस्टाफ हाउसमध्ये, ही गार्ड रेजिमेंट दुपारपर्यंत लढली. मेजर जनरल बारवा शरण यायला तयार नव्हते, त्यांना त्यांच्या घरीच गोळ्या घातल्या.

---

अंगणवेल

पाणवठाजी, तुम्ही जुलै १९५८ म्हणता, मी डिसेंबर १९५७ म्हणेन. त्या महिन्यात 'अव्हॉयडन्स ऑफ डिस्क्रिमिनेशन ॲक्ट' आला. प्रदेश, जमात किंवा धर्म या आधारावर पक्ष काढायलाच बंदी. अशांतींची नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट, उत्तरेकडचा पक्ष, मुस्लिमांचा पक्ष, सगळे एका फटक्यात बेकायदा. नाइलाजाने सगळे विरोधक बुसियांच्या नेतृत्वाखाली एकाच युनायटेड पार्टीत गोळा झाले.

अशांतींचं भांडण नेमकं काय होतं तेही सांगते. १९५४ मध्ये एन्क्रूमांच्या सरकारने कोकोचा भाव ६० पौंड वजनाच्या ओझ्याला ७२ शिलिंग असा बांधून टाकला, चार वर्षांसाठी. जगात भाव त्याच्या दुपटीच्या वर. फरक मार्केटिंग बोर्डाच्या तिजोरीत. अशांती शेतकऱ्याला वाटलं की आमच्या घामावर किनाऱ्यावरचे लोक शहरं बांधतायत, आणि त्यातून संघराज्याची मागणी आली. १९५६ च्या निवडणुकीत अशांतीमधल्या २१ पैकी १२ जागा त्यांनी जिंकल्या. देशात मात्र एन्क्रूमांना १०४ पैकी ७१.

हे वाचताना मला सारखी त्याच वर्षांतली आपली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आठवते. नेहरूंनाही भाषावार प्रांतरचना मनापासून नको होती. देश फुटेल ही भीती खरी होती. मुंबईत गोळीबार झाला, १०५ हुतात्मे झाले, कितीतरी नेते आणि कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. पण संयुक्त महाराष्ट्र समितीवर बंदी आली नाही. १९५७ मध्ये समितीने निवडणूक लढवली, पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली आणि १९६० मध्ये दिल्लीला मान तुकवावी लागली. अशांती प्रदेशातल्या कुमासीच्या कोको शेतकऱ्याला तो रस्ता मिळाला नाही. त्याचा पक्षच कायद्याने पुसला.

एन्क्रूमांना 'एकसंध घाना' हवा होता, हेतूवर मी शंका घेत नाही. मात्र प्रांताचा आवाज दाबला की एकी होत नाही. माणसं गप्प बसतात, आणि सैन्यात त्यांचीच मुलं असतात. आफ्रिफा अशांतीच होता.

---

माळरान

अंगणवेल, पण स्थानबद्धतेचा कायदा आपल्याकडेही १९५० पासून होताच की. मग फरक काय? मला वाटतं नव्या देशाला सुरुवातीची दहा-पंधरा वर्षं कडक हातच लागतो. कुलुंगुगुच्या बॉम्बनंतर १९६४ मध्ये एका पोलीस शिपायाने त्यांच्यावर थेट गोळ्या झाडल्या. आपल्यावर वारंवार हल्ले होत असताना कोण उदार राहील?

---

अंगणवेल

माळरान, प्रश्न रास्त आहे आणि त्यावर नीट बोलायला हवं.

आपला १९५० चा कायदा वाईटच होता. ए. के. गोपालन त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले आणि हरले. पण घटनेच्या कलम २२ ने एक अट घातली होती. तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं तर सल्लागार मंडळासमोर प्रकरण न्यायला हवं. कमाल मुदत एक वर्ष, आणि संसदेला कायदा पुन्हा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागे. १९६९ मध्ये तो सरला. घानात पाच वर्षं, मंडळ नाही, कोर्ट नाही, आणि मुदत संपली की पुन्हा आत टाकायची मुभा.

आपण घानापासून फार लांब होतो असंही नाही. १९७५ मध्ये, आणीबाणीत, तेच झालं. एडीएम जबलपूर खटल्यात सुप्रीम कोर्टाने हात वर केले, एकट्या एच. आर. खन्नांनी विरोधी निकाल दिला आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांचं सरन्यायाधीशपद डावललं गेलं. कोर्सांना काढलं त्याच्याशी हे किती जुळतं ते पाहा. मात्र मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि सरकार पडलं. ती झाली नसती तर भारताचं काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

---

कोकणरेषा

मी काही वर्षं आक्राजवळच्या टेमामध्ये नोकरीला होतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडावीशी वाटते. या चर्चेत एन्क्रूमांनी काय उभं केलं ते येतच नाहीये.

टेमा हे कोळ्यांचं गाव होतं. तिथे त्यांनी बंदर बांधलं, ते १९६२ मध्ये सुरू झालं, आणि आखीव वस्त्यांचं आख्खं शहर वसवलं. आजही देशाची बहुतेक आयात-निर्यात तिथूनच होते. प्राथमिक शाळेची फी त्यांच्या सरकारने स्वातंत्र्याच्याही आधी काढून टाकली. कुमासीचं तंत्रविज्ञान विद्यापीठ त्यांचंच. माझ्याबरोबर काम करणारे घानाचे इंजिनिअर बहुतेक तिथलेच, आणि हुशार.

अकोसोम्बो धरण मी पाहिलंय. व्होल्टा नदी अडवून तयार झालेला जलाशय सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा, जगातल्या सर्वांत मोठ्या मानवनिर्मित सरोवरांपैकी एक. ८० हजारांच्या आसपास लोक उठवावे लागले, सातशेहून जास्त गावं पाण्याखाली गेली. कोयनेच्या आणि उजनीच्या विस्थापितांचे हाल ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. पण वीज आली. २२ जानेवारी १९६६ ला एन्क्रूमांनी उद्घाटन केलं, आणि जेमतेम महिन्याभराने ते पदावरून गेले.

धरणाच्या पैशासाठी अमेरिकेच्या कैसर कंपनीशी करार करावा लागला. तिच्या टेमामधल्या ॲल्युमिनियम कारखान्याला अतिशय स्वस्त वीज द्यायची, हे करारात आलं. आणि कारखाना घानाच्या बॉक्साइटवर नव्हे, बाहेरून आणलेल्या ॲल्युमिनावर चालायचा! स्वतःच्या मातीतलं खनिज तसंच पडून. नवस्वातंत्र्यातल्या देशाचे हात किती बांधलेले असतात ते यातून कळतं. एन्क्रूमा डोळे मिटून या करारात शिरले नव्हते. दुसरं कुणी पैसे देत नव्हतं.

टेमा-आक्रामध्ये सामान्य माणसाशी बोललं तर एक गोष्ट जाणवते. वयस्क लोक त्यांचं नाव घेताना 'ओसाग्येफो' म्हणतात, तारणहार या अर्थी दिलेली ती पदवी आहे. तुरुंगाची आठवण असलेल्या घरांत हे नाव घेतलं जात नाही. एकाच गल्लीत दोन्ही घरं भेटतात.

---

जुनीवही

भारताचा या गोष्टीशी असलेला संबंध कुणीच सांगितला नाही म्हणून लिहितो.

घानाच्या गुप्तचर खात्याची घडी बसवून द्यायला एन्क्रूमांनी नेहरूंकडे माणसं मागितली. जे गेले त्यांत रामेश्वरनाथ काव होते, पुढे रॉ ज्यांनी उभी केली तेच. घानाचं हवाई दल १९५९ मध्ये सुरू झालं, त्याचे पहिले प्रमुख आपल्या वायुसेनेचे एअर कमोडोर जसवंत सिंग. १९५८ च्या अखेरीस एन्क्रूमा भारत दौऱ्यावर आले. १९६१ ला बेलग्रेडमध्ये नेहरू, टिटो, नासर, सुकार्नो आणि एन्क्रूमा ही अलिप्त चळवळीची पाच मोठी माणसं.

आणि तरीही ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला तेव्हा एन्क्रूमांनी ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन यांना पत्र लिहिलं की भारताला लष्करी मदत देऊ नका, त्याने तणाव वाढेल. दिल्लीला हे चांगलंच लागलं. नंतर कोलंबो परिषदेत मध्यस्थी करणाऱ्या सहा देशांत घाना होता, पण जखम भरली नाही. ज्यांनी घानाच्या हवाई दलाची आणि हेरखात्याची घडी बसवून दिली त्यांच्याशी असं वागणं मला आजही खटकतं.

---

निळासमुद्र

जुनीवही, त्या पत्राला दुसरी बाजू आहे. एन्क्रूमांचं राजकारण 'आफ्रिका-आशियाच्या भांडणात गोऱ्यांची बंदूक नको' या सूत्रावर उभं होतं. काँगोत त्यांनी नुकतंच पाहिलं होतं की बाहेरची मदत येते आणि मालक बनून बसते. भारतीय म्हणून मलाही ते पत्र आवडत नाही, पण ते विश्वासघाताने लिहिलेलं नव्हतं.

---

जुनीवही

मान्य करायला जड जातं, पण काँगोचा संदर्भ बरोबर आहे.

आणखी एक. आक्राजवळच्या लेगॉन विद्यापीठात २०१६ मध्ये आपले राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते गांधींचा पुतळा बसला. तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या काळातल्या, काळ्या लोकांबद्दलच्या लिखाणावर आक्षेप घेतला आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो हलवला गेला. 'पॉझिटिव्ह ॲक्शन'च्या देशात असं झालं म्हणून इथे बऱ्याच जणांना राग आला होता. माझं मत वेगळं आहे. ज्या विद्यापीठात पुतळा उभा करायचा तिथल्या लोकांना आधी विचारायला हवं होतं.

---

रानजाई

चर्चा सुंदर चाललीये. दोन प्रश्न आहेत. बंड करणाऱ्यांचं पुढे काय झालं? आणि एन्क्रूमांचे शेवटचे दिवस कसे गेले?

---

पाणवठा

रानजाई, पेकिंगहून ते गिनीला गेले. तिथले राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांनी त्यांना थेट सहराष्ट्राध्यक्ष जाहीर केलं. गिनीची राजधानी कोनाक्रीत समुद्राकाठच्या एका घरात ते परतीची वाट पाहत, लिहीत राहिले. पत्नी फातिया इजिप्तच्या, त्या तिन्ही मुलांना घेऊन कैरोला गेल्या होत्या. २७ एप्रिल १९७२ ला बुखारेस्टमध्ये कर्करोगाने एन्क्रूमा गेले. देह आधी गिनीत, मग न्क्रोफुलला, आणि १९९२ पासून आक्राच्या त्याच पोलो मैदानावरच्या स्मारकात.

बंडवाल्यांचं ऐका. एन्क्रूमांनी काढलेले जनरल आंक्रा नव्या मंडळाचे प्रमुख झाले. कोटोका सव्वा वर्षाच्या आत, एप्रिल १९६७ च्या दुसऱ्या फसलेल्या बंडात मारले गेले. त्यांचं नाव आक्राच्या विमानतळाला दिलं गेलं. १९६९ मध्ये निवडणूक झाली, बुसिया पंतप्रधान झाले. जानेवारी १९७२ मध्ये लष्करी अधिकारी अचेम्पाँग यांनी त्यांनाही उलथलं. १९७९ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट रॉलिंग्ज यांच्या बंडाने अचेम्पाँग आणि आफ्रिफा दोघांनाही गोळ्या घातल्या. एकदा बराकीचा दरवाजा उघडला की तो लवकर मिटत नाही. १९९२ ची राज्यघटना येईपर्यंत घाना याच फेऱ्यात होता. त्यानंतर मात्र तिथे निवडणुकीने सरकारं बदलली आहेत, आणि २००० मध्ये विरोधी पक्ष निवडून आला तो डांक्वा-बुसिया परंपरेतला.

माळरान, 'कडक हात लागतोच' या तुमच्या मुद्द्याला हे माझं उत्तर समजा. नऊ वर्षांच्या कडक हातानंतर देशाला पाव शतकाहून जास्त काळ बंडांच्या फेऱ्यात काढावा लागला.

---

माळरान

पटतंय, पूर्णपणे नाही. अकोसोम्बो आणि टेमा कडक हाताशिवाय झालं असतं का, हा प्रश्न माझ्या मनात राहणार. अको अजेईंचं काय झालं?

---

पाणवठा

बंडानंतर सुटले. राजकारणात परत आले नाहीत. २००२ मध्ये वारले.

टेमाचं काम स्वातंत्र्याच्या आधीच, विरोधी पक्ष संसदेत बसलेले असताना सुरू झालं होतं. शाळांची फी गेली तेव्हाही स्थानबद्धतेचा कायदा नव्हता. त्यांची सर्वांत लोकोपयोगी कामं ज्या काळात सुरू झाली त्या काळात त्यांना निवडणुकीत हरण्याची भीती होती, हे विसरू नका.

---

कोकणरेषा

हे बरोबर आहे, आणि मी त्या बाजूने विचार केला नव्हता. अंगणवेल यांना एक विचारायचंय, तुम्ही कोकोचं इतकं नेमकं लिहिलंत म्हणून. बंडानंतर शेतकऱ्याला भाव मिळाला का?

---

अंगणवेल

थोडा. लष्करी मंडळाने बांधलेला भाव वाढवला, पण जुलै १९६७ मध्ये सेदीचं, म्हणजे घानाच्या चलनाचं, ३० टक्के अवमूल्यन केलं, त्यात बरंचसं गेलं. मार्केटिंग बोर्ड कुणीच मोडलं नाही, ना लष्कराने, ना बुसियांनी, ना पुढच्यांनी. ब्रिटिशांनी बनवलेली ती यंत्रणा प्रत्येक सरकारला सोयीची होती, कारण शेतकऱ्याचा पैसा न विचारता हातात येतो. सत्तरच्या दशकात अधिकृत भाव इतका पडला की सीमेलगतचे शेतकरी पोती रात्री आयव्हरी कोस्टला आणि टोगोला नेऊन विकू लागले, काहींनी झाडांकडे बघणं सोडून दिलं. एकेकाळी जगात पहिला असलेला घाना त्याच दशकाच्या अखेरीस आयव्हरी कोस्टच्या मागे पडला. आपल्याकडे कापूस एकाधिकार खरेदीत विदर्भाच्या शेतकऱ्याने जे भोगलं ते आठवलं की कुमासीच्या माणसाचा राग समजतो. १९५४ चा तो ७२ शिलिंगचा निर्णय मी म्हणूनच या सगळ्याच्या मुळाशी धरते. पाणवठाजी कायद्यापासून मोजतात, मी ओझ्याच्या भावापासून.